कोणते टिळक?

एव्हरशाईन सिटीतील कोणत्याही इमारतीत शिरा. जिन्यापाशी भिंतीवर टपालपेट्या बसवलेल्या असतात आणि जवळच रहिवाशांच्या नावांची पाटी असते. शेख, सावंत, मिश्रा, डिसोझा, अन्सारी, पाटील, नायर, शहा अशी आडनावे एकाखाली एक वाचायला मिळतात. वसईच्या पूर्वेकडील या वसाहतीत कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, गुजरातेतून आणि दक्षिणेतून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. ही पाटी वाचताना आपल्या मनात काय चालते, ते एकदा तपासून पाहा. आडनाव वाचताच आपण अंदाज बांधू लागतो. हे घर कोणत्या गावचे, कोणत्या भाषेचे, कोणत्या धर्माचे, त्यांच्या घरी काय शिजत असेल, इथपर्यंत आपले मन धावते. त्या घरातील एकाही माणसाला आपण अजून भेटलेलो नसतो.

पुस्तकांच्या बाबतीतही आपण असेच करतो. मुखपृष्ठावरचे आडनाव वाचतो आणि लेखक कोण असेल, कसा असेल, हे ठरवून टाकतो. एकाच घराण्यातील तीन-चार जणांनी पुस्तके लिहिली असतील, तर आपण म्हणतो, "त्यांच्या रक्तातच लेखन आहे." आपल्या घरात कोणी लेखक नसेल, तर म्हणतो, "आपल्याला हे कसे जमणार?" मित्रांनो, ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत, असे माझे मत आहे. आडनाव वारशाने मिळते. लेखन मात्र ज्याचे त्याला नव्याने मिळवावे लागते. हे मत मी एका मराठी घराण्याच्या आधाराने तुमच्यापुढे मांडणार आहे.

त्याआधी आडनावाविषयी थोडेसे. शाळेच्या अर्जात आडनावाचा रकाना भरताना तुमच्यापैकी काही जण नक्कीच अडखळले असतील. घरी आपले नाव एका रीतीने घेतात आणि अर्ज ते दुसऱ्या रीतीने मागतो. मराठी माणूस पूर्वीपासून आडनावानेच ओळखला जात होता, असेही नाही. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम, जनाबाई यांना आपण त्यांच्या नावांनीच ओळखतो. अनेक आडनावे कामावरून पडली. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही गावच्या आणि परगण्याच्या कारभारातील कामांची नावे होती. काझी आणि मुकादम ही आडनावेही तशीच. काही आडनावे गावावरून पडली. गावाच्या नावापुढे 'कर' लावला की मराठी आडनाव तयार होते. चिपळूणचा तो चिपळूणकर, वसईचा तो वसईकर.

उर्दूतही ही रीत आहे, फक्त तेथे 'कर'ऐवजी 'ई' लागते. खैराबादचा तो खैराबादी, लुधियान्याचा तो लुधियानवी, आझमगडचा तो आझमी. उर्दू कवी याशिवाय स्वतःसाठी एक तखल्लुस, म्हणजे कवितेतले नाव, निवडतो. मराठीतही टोपणनावाने लिहिणारे कवी झाले. केशवसुत, बालकवी, कुसुमाग्रज ही सगळी टोपणनावेच आहेत. तरी मराठी पुस्तकावर बहुधा लेखकाचे घरचे आडनावच असते. त्यामुळे एका घरातील लेखक मराठीत चटकन ओळखू येतात आणि त्यामुळेच त्यांची गल्लतही होते.

आता ग्रंथालयात जाऊन म्हणा, "टिळकांचे पुस्तक द्या." ग्रंथपाल तुम्हांला विचारील, "कोणते टिळक?" सर्वांना आधी आठवतात ते लोकमान्य बाळ गंगाधर टिळक. त्यांचा जन्म १८५६ सालचा. 'केसरी'चे संपादक, स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी आणि मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिणारे विद्वान म्हणून ते तुम्हांला इतिहासाच्या पुस्तकात भेटले आहेत. पण त्याच काळात दुसरे एक टिळक मराठीत कविता लिहीत होते. ते म्हणजे नारायण वामन टिळक. लोकमान्यांचे निधन १९२० साली झाले आणि या कवी टिळकांचे त्याच्या आदल्याच वर्षी, १९१९ साली. दोघे एकाच काळात जगले, दोघांनी एकाच भाषेत लिहिले, दोघांचे आडनाव एकच. तरी एकाची पुस्तके वाचून दुसऱ्याची ओळख होणार नाही. आडनावाच्या भरवशावर राहणारा वाचक येथेच फसतो.

आपण या दुसऱ्या टिळकांच्या घरी जाऊ. या घरातील तीन पिढ्यांत चार लेखक झाले. नारायण वामन टिळक, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक, मुलगा देवदत्त नारायण टिळक आणि नातू अशोक देवदत्त टिळक. वरवर पाहिले, तर 'लेखन रक्तात असते' या समजाला याहून चांगला पुरावा मिळणार नाही असे वाटेल. पण जरा जवळ जाऊन पाहिले, की हाच पुरावा उलट बोलू लागतो.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. फुले आणि मुले यांच्यावर त्यांनी इतक्या प्रेमाने लिहिले की महाराष्ट्र त्यांना 'फुलांमुलांचे कवी' म्हणू लागला. एका जखमी पक्षिणीवरची त्यांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता शाळेत शिकलेली माणसे आजही तुम्हांला घरोघरी भेटतील. त्यांचा स्वभाव मात्र संसाराला सोपा नव्हता. ते एका गावी स्थिर राहत नसत आणि हातात पैसा टिकत नसे. १८९५ साली त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर काही वर्षे पती-पत्नींची ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे राहायला आल्या आणि १९०० साली त्यांनीही स्वतःच्या विचाराने तो धर्म स्वीकारला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेरचे आडनाव गोखले आणि माहेरचे नाव मनकर्णिका. घरात तिला मनू म्हणत. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचा त्या घराला जाच होता. त्या काळच्या बहुतेक मुलींप्रमाणे मनू शाळेत गेली नाही. अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न झाले. सासरी नाव बदलले, आडनाव बदलले आणि मनकर्णिका गोखलेची लक्ष्मी टिळक झाली. लिहिणे-वाचणे ती लग्नानंतर, नवऱ्याच्या आग्रहामुळे शिकली. शिकवणारा उतावळा आणि शिकणारीच्या डोक्यावर संसाराचा भार. अशा शिक्षणातून अक्षरओळख झाली, हेच पुष्कळ म्हणायचे.

आणि या बाईंनी मराठीतील एक अत्यंत थोर आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. पहिला भाग आला तेव्हा लक्ष्मीबाई ६६ वर्षांच्या होत्या. १९३६ साली त्यांचे निधन झाले. या पुस्तकात अवघड शब्द नाहीत, मोठमोठी वाक्ये नाहीत. शेजारी बसून एखादी आजी आपली हकीकत सांगते, तशी ती भाषा आहे. नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर त्या हसतात, स्वतःच्या भित्रेपणावर तर त्याहून जास्त हसतात. गरिबी, आजारपण, ताटातूट, लोकांची बोलणी यांपैकी काहीही त्यांनी लपवलेले नाही आणि कोठेही रडगाणे गायलेले नाही. कवी टिळकांना मोठे मानत असूनही त्यांनी त्यांना देव्हाऱ्यात बसवले नाही. नवऱ्याकडे प्रेमाने आणि तरीही डोळे उघडे ठेवून पाहणारे असे लेखन मराठीत त्याआधी क्वचितच झाले होते.

आता मुखपृष्ठावरच्या नावाकडे नीट पाहा. 'लक्ष्मीबाई टिळक'. यातले 'टिळक' लग्नाने मिळाले. 'लक्ष्मी' हे नावही लग्नातच मिळाले. म्हणजे मुखपृष्ठावरचे दोन्ही शब्द दुसऱ्यांनी दिलेले. आतले सारे शब्द मात्र त्यांचे स्वतःचे! ज्या आडनावात त्या जन्मल्याच नव्हत्या, त्या आडनावाला मराठी गद्यात त्यांनी अढळ जागा मिळवून दिली. रक्ताने लेखन येत असते, तर टिळकांच्या रक्ताचा एक थेंबही नसलेल्या या बाईंनी हे पुस्तक कसे लिहिले असते? एवढा एक प्रश्न 'रक्तातच लेखन आहे' म्हणणाऱ्यांना जरूर विचारा.

तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी येथे मला अडवील. तो म्हणेल, "पण घरात कवी होता, म्हणूनच त्या लिहू शकल्या ना? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" आक्षेप रास्त आहे. घरात पुस्तके असणे, कवितेवर बोलणे चालणे, लिहिलेले लगेच ऐकायला कोणी असणे, याचा फायदा होतोच. टिळकांच्या घरी तो फायदा होता. नारायणरावांनी 'ख्रिस्तायन' नावाचे महाकाव्य लिहायला घेतले आणि सुमारे दहा अध्यायांनंतर ते अपुरे राहिले. त्यापुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. नवऱ्याने हाती घेतलेले काम बायकोने पुढे न्यावे, ही गोष्ट त्या घरातील वातावरणाशिवाय घडली नसती. मुलगा देवदत्त यानेही आईला आठवणी लिहिण्याचा आग्रह केला. आईचे लेखन वाचकांपर्यंत नेण्यात त्याचा मोठा वाटा होता.

पण हा फायदा आडनावाचा नव्हता, घराच्या सवयींचा होता. याचा पुरावाही त्याच घरात सापडतो. त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक तरुण कवी काही काळ टिळकांच्या घरी येऊन राहिला होता. महाराष्ट्र त्याला 'बालकवी' म्हणून ओळखतो. लक्ष्मीबाईंनी त्याला मायेने वागवले आणि 'स्मृतिचित्रे'त त्याच्या गमतीजमती सांगितल्या आहेत. बालकवी टिळक घराण्यातला नव्हता, धर्माने आणि आडनावानेही निराळा होता. तरी त्या घरातील कवितेची ऊब त्याला मिळाली. चूल पेटलेली असेल, तर शेजारी बसणाऱ्यालाही शेक मिळतो. चूल त्याचे आडनाव विचारत नाही.

पुढच्या पिढ्यांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. देवदत्त टिळकांनी आईवडिलांच्या नावावर दिवस काढले नाहीत. त्यांनी स्वतः लिहिले. पंडिता रमाबाईंचे त्यांनी लिहिलेले चरित्र अभ्यासकांना आजही लागते. नातू अशोक टिळक यांनी आजीच्या 'स्मृतिचित्रां'ची संपूर्ण आवृत्ती टिपांसह तयार केली. आजीच्या ओघवत्या हकिकतीत येणारी माणसे कोण, गावे कोणती, प्रसंग कधीचे, हे शोधून काढणे म्हणजे बारीक चाळणीने धान्य चाळण्यासारखे काम आहे. टिळक आडनाव असल्याने हे काम आपोआप झाले नाही. त्यासाठी बैठक मारून मेहनत करावी लागली. घराण्याचे नाव टिकते ते अशा मेहनतीने. केवळ आजोबांचा फोटो भिंतीवर लावून ते टिकत नाही.

आता तुमच्या ओळखीच्या उर्दू साहित्यातील एक घराणे घेऊ. उत्तर प्रदेशातील खैराबादचे इफ्तिखार हुसेन हे 'मुझ्तर' खैराबादी या नावाने कवी म्हणून गाजले. त्यांचे चिरंजीव जाँ निसार अख्तर. त्यांच्या 'खाक-ए-दिल' या संग्रहाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जाँ निसार यांच्या पत्नी सफिया यांची पतीला लिहिलेली पत्रे 'झेर-ए-लब' या नावाने पुस्तकरूपात आली आणि उर्दू गद्यात त्यांना मानाचे स्थान आहे. सफियांचे भाऊ म्हणजे 'मजाज' लखनवी. आणि सफिया व जाँ निसार यांचे चिरंजीव जावेद अख्तर यांच्या 'लावा' या संग्रहाला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या घरातील नावे पाहा. आजोबा खैराबादी, मामा लखनवी, वडील आणि मुलगा अख्तर. आणि हे 'अख्तर' तरी कोठून आले? ते जाँ निसार यांचे तखल्लुस. वडिलांनी कवितेसाठी निवडलेला शब्द मुलाचे आडनाव झाला. केवळ पाटी वाचणाऱ्याला आजोबा, मामा आणि भाचा एका घरातले आहेत, याचा पत्ताही लागला नसता. म्हणजे एकच आडनाव नसले तरी साहित्याचा वारसा चालू शकतो. टिळकांच्या घरी आडनाव एक होते, येथे नावे अनेक आहेत. दोन्हीकडे प्रत्येकाला आपले आपणच लिहावे लागले.

हीच गोष्ट मराठीतील एका शेख घराण्यात दिसते. शाहीर अमर शेख यांचे डफावरचे कडाडणारे गाणे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हजारो लोकांनी ऐकले. ते मूळचे बार्शीचे. त्यांचे जन्मनाव मेहबूब हुसेन पटेल. 'अमर शेख' हे नाव त्यांनी पुढे घेतले आणि त्याच नावाने मराठीत कविताही लिहिल्या. त्यांची मुलगी मल्लिका हीसुद्धा मराठीत कवयित्री झाली. 'वाळूचा प्रियकर' हा तिचा कवितासंग्रह. कवी नामदेव ढसाळ यांच्याशी तिचे लग्न झाले, पण पुस्तकावर नाव राहिले ते 'मल्लिका अमर शेख'. वडिलांनी घेतलेले संपूर्ण नाव तिने आपल्या नावापुढे ठेवले. तिची कविता मात्र वडिलांच्या पोवाड्यांसारखी नाही. वडील मैदानातल्या लोकांना हाक देत होते, मुलगी एकेका माणसाच्या मनाशी बोलते. नाव तेच, आवाज निराळा.

आडनाव फसवते कसे, याचे आणखी एक उदाहरण देतो. मराठी साहित्यात देशपांडे किती आहेत! पु. ल. देशपांडे आणि त्यांच्या पत्नी सुनीता देशपांडे हे एक घर. 'अनिल' या नावाने कविता लिहिणारे आत्माराम रावजी देशपांडे आणि त्यांच्या पत्नी कुसुमावती देशपांडे हे दुसरे घर. १९६१ साली ग्वाल्हेरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या कुसुमावती अध्यक्षा होत्या आणि हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. तिसऱ्या गौरी देशपांडे. त्या 'युगान्त'च्या लेखिका इरावती कर्वे यांच्या कन्या. म्हणजे एका आडनावाची तीन घरे आणि दोन आडनावांचे एक घर. आडनावावरून नाते जोडायला बसलात, तर पाचही जणांचे गणित चुकेल.

मित्रांनो, हा प्रश्न पुस्तकांपुरता असता, तर मी तुमचा इतका वेळ घेतला नसता. आडनाव वाचून पुस्तकाविषयी चुकीचा अंदाज केला, तर आपले एक चांगले पुस्तक वाचायचे राहते. माणसाविषयी तसाच अंदाज केला, तर त्या माणसावर अन्याय होतो. भाड्याने घर शोधताना, नोकरीसाठी अर्ज करताना, नव्या वर्गात पहिल्या दिवशी बसताना "आडनाव काय?" हा प्रश्न येतो. कधी तो साध्या ओळखीसाठी असतो. कधी उत्तर ऐकल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा बदलतो, हेही तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. तो अन्याय ज्याने सोसला, त्याने तरी दुसऱ्याच्या आडनावावरून मत बनवू नये. हे बोलायला सोपे आणि पाळायला अवघड आहे. आपणही पाटी वाचून शेजाऱ्याविषयी ठरवून टाकतो, ते याच सवयीने.

आडनावातून धर्म कळतो, भाषा कळते, असे आपल्याला ठामपणे वाटते. टिळकांचे घर हा समज खोटा ठरवते. धर्म बदलला, तरी त्या कुटुंबाने आडनाव बदलले नाही. वसईत याच्या उलट घडले. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्या काळात धर्म बदललेल्या इथल्या कुटुंबांना पोर्तुगीज आडनावे मिळाली. पण त्यांची भाषा मराठीच राहिली. याच वसईतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर मराठीत लिहिले, 'सुवार्ता' हे मराठी मासिक चालवले आणि बायबल सोप्या मराठीत आणले. २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. 'दिब्रिटो' हे आडनाव पाटीवर वाचून 'हे मराठीचे लेखक असतील' असे किती जणांना वाटले असते?

मग आडनाव टाकून द्यावे काय? मी तसे म्हणत नाही. आडनावात आपल्या गावाची, आपल्या वाडवडिलांच्या कामाची आठवण असते. ती जपावी. तिचा अभिमान धरावा, पण तिच्या जोरावर मोठेपणा मागू नये आणि तिच्यामुळे मान खालीही घालू नये. लेखकाचे नाव घेताना पूर्ण नाव घ्यावे. 'टिळकांचे आत्मचरित्र' म्हटले, तर लक्ष्मीबाई मागे पडतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलताच माणूस उभा राहतो. स्त्रियांच्या बाबतीत ही चूक फार होते. पतीचे किंवा वडिलांचे नाव मोठे असले, की तिचे लेखन त्याच्या खात्यावर जमा होते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला आहे. आईचे नाव कागदावर आले, ही चांगली गोष्ट झाली. ते आपल्या बोलण्यातही यायला हवे.

आता तुमच्या मनातील शेवटची शंका. "आमच्या घरी कोणीच लेखक नाही. आमची भाषा उर्दू. मराठी तर आम्ही दुसरी भाषा म्हणून शिकतो. आमच्याकडून काय लिहिले जाणार?" प्रत्येक लेखक घराण्यात कोणी तरी पहिला असतो आणि त्याच्यामागे कोणतेही प्रसिद्ध आडनाव नसते. तुमच्या हाती तर दोन भाषा आहेत. लक्ष्मीबाईंना एकही भाषा लिहिता येत नव्हती, तेथून त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या घरी होत्या त्या सवयी तुमच्याही घरी लावता येतात. रोज रात्री घरातल्या कोणी तरी एक पान मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. आठवड्यातून एकदा ग्रंथालयात जावे. लिहिलेला मजकूर कोणाला तरी वाचून दाखवावा. त्याला हसले तर हसू द्यावे आणि पुन्हा लिहावे. याला पैसा फार लागत नाही.

सुरुवात कोठून करावी, हेही लक्ष्मीबाईंनी दाखवून ठेवले आहे. त्यांनी कल्पनेचे मनोरे रचले नाहीत. जे पाहिले, सोसले, ज्यावर हसू आले, तेच लिहिले. आज घरी गेल्यावर तुमच्या नानीला किंवा दादीला विचारा, "तुम्ही या गावात पहिल्यांदा आलात, तेव्हा काय काय पाहिलेत?" ती सांगेल ते ऐका आणि तिच्याच शब्दांत लिहून काढा. आधी उर्दूत लिहा, मग मराठीत लिहा. शब्द अडला तर शिक्षकांना विचारा. आणि वहीच्या त्या पानावर सर्वांत वर तिचे पूर्ण नाव लिहायला विसरू नका.